सहा कोनांचा सूड

माझ्या थोरल्या बहिणीचा स्वभाव शांत आहे असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. तिच्या वर्कशॉपमधले म्हणतात, शेजारीपाजारी म्हणतात, माझा नवराही म्हणतो. त्याचं काय जातंय, लहानपणी तिच्या हातचा मार मी खाल्लाय, त्याने नाही. ताई विसरत नाही. राग वाळवून डब्यात भरून ठेवते, इतकंच.

ताई लिफ्टची पॅनेलं जोडते. लिफ्टमध्ये शिरल्यावर आपण ज्या पत्र्यावरची बटणं दाबतो, त्या पत्र्यामागचं तारांचं जंगल तिचं. गेली सव्वीस वर्षं ती हेच करते आहे. त्याआधी ती कीबोर्डवर गाण्याला साथ करायची. वर्कशॉपमध्ये कोणाला याचा पत्ता नव्हता, कारण तिने तो विषय काढणंच सोडून दिलं होतं.

ज्याच्यामुळे सोडलं त्याला आम्ही दोघी बोटवाला म्हणतो. चाळीस माणसांच्या गायनवृंदाचा हा प्रमुख. गळा चांगला, हे मी नाइलाजाने कबूल करते. पण खोड वाईट. गाणं ऐन रंगात आलं की हा डावा हात वर करून बोटं दाखवणार. एक बोट म्हणजे पट्टी अर्ध्या सुराने चढवा, दोन बोटं म्हणजे दोनदा. गाणाऱ्याला गळा वर न्यायचा असतो, त्याचं भागतं. साथ करणाऱ्याची मात्र गाळण उडते. कीबोर्डवरची काळ्या-पांढऱ्यांची रांग एकसारखी नसते, मध्येच दोन काळ्या, मध्येच तीन. पट्टी बदलली की त्याच गाण्यासाठी हाताला निराळा आकार घ्यावा लागतो. बारा पट्ट्या म्हणजे एका गाण्याचे बारा हात. पट्टी आपोआप चढवणारं बटण कीबोर्डला असतं, पण ते वापरायला बोटवाल्याची बंदी होती.

ताई एकोणीस वर्षांची होती. दोन वर्षं तिने वृंदाला साथ केली होती आणि आता कायमचा साथीदार नेमायचा होता. चाचणीला दोघंच, ताई आणि बोटवाल्याचा भाचा. ताईने पांढरी एक या पट्टीत गाणं धरलं, दुसऱ्या अंतऱ्यात बोटवाल्याने तीन बोटं दाखवली. पांढरी एकवरून थेट काळी दोन. ताईचा हात अडखळला, सूर चुकला, पुन्हा चुकला. त्याने गाणं थांबवलं आणि चाळीस माणसांसमोर म्हणाला, "पाठांतर आहे, संगीत नाही. ही बोटं भांडी घासायला ठेव."

लोक हसले. मी मागच्या खुर्चीवर होते, तेव्हा पंधरा वर्षांची. कोण कोण हसलं ते मला आजही सांगता येईल. मग भाचा बसला, त्यालाही तीन बोटं दाखवली गेली आणि त्याने लोण्यातून सुरी फिरवावी तशी पट्टी बदलली. कशी नाही बदलणार? मामाने आठवडाभर आधी घरी घोटून घेतली होती. हे भाच्यानेच पुढे कोणाला तरी फुशारकीने सांगितलं आणि फिरत फिरत आमच्या कानावर आलं.

त्या दिवसापासून ताईने कीबोर्ड वाजवला नाही.

दीड वर्षापूर्वी एका सभागृहाची लिफ्ट अडकली म्हणून ताई दुरुस्तीला गेली. पॅनेल उघडून ती जमिनीवर बसली होती. इतक्यात जिन्याने धापा टाकत एक म्हातारा वर आला. तोच. केस गेले होते, ऐट शाबूत होती.

"अहो बाई, किती वेळ लावणार? वर तालीम आहे माझी. तुमच्यामुळे तीन मजले चढून आलो."

ताईने वर पाहिलं. त्यानेही पाहिलं. ओळखलं नाही. साधी शंकासुद्धा चेहऱ्यावर आली नाही. ताई म्हणाली, "दहा मिनिटं, साहेब," आणि लिफ्ट बरोबर दहा मिनिटांत चालू करून दिली.

घरी आल्यावर तिने मला बोलावून घेतलं. तिच्यासमोर लिफ्टच्या जोडणीचा एक कागद उलटा पसरलेला होता आणि त्यावर तिने मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं काढली होती.

"हे बघ," ती म्हणाली. "काळं-पांढरं काहीच नाही. सगळी घरं सारखी. शेजारच्या घरात गेलं की एक पूर्ण सूर, तिरकं वर गेलं की अर्धा. कुठूनही सुरू कर, हाताचा आकार तोच. पट्टी चढवायची तर आख्खा हात तिरका सरकवायचा, बस."

ही मांडणी तिची नव्हे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच कोणाला तरी सुचली होती आणि हौशी लोक तसली वाद्यं अजूनही घरी बनवतात, हे तिने वाचून काढलं होतं. मी अतिशहाणी. म्हटलं, "एवढा खटाटोप कशाला? आता कुठे बंदी आहे? साध्या कीबोर्डवरचं बटण दाब की."

"बटणाने त्याचं नाक कापलं तर ते बटणाने कापलं. तो माझ्या बोटांना बोलला होता."

मी कपडे बेतते, कारखान्यात कटिंगला आहे. मी कात्री घेऊन बसले.

अकरा महिने आमचे रविवार त्यात गेले. पाच ओळी, ओळीत चोवीस घरं, एकूण एकशे वीस बटणं. आतले स्विच लिफ्टचेच, कारण ते लाखो वेळा दाबले तरी दगा देत नाहीत. वरच्या टोप्या तिने ॲक्रिलिकमधून कापून कानशीने घासल्या, खालच्या गाद्या मी जाड फेल्टमधून बेतल्या. प्रत्येक बटणामागे एक डायोड, नाहीतर तीन बटणं एकदम दाबल्यावर चौथा, न दाबलेला सूर भुतासारखा वाजतो. यातून आवाज येत नाही. कोणतं बटण दाबलं ते यातला छोटा संगणक फक्त सांगतो, आवाज काढणारी पेटी वेगळी, ती तारेने जोडायची.

सगळं जोडून झालं त्या दुपारी ताईने हात धुतले, केस बांधले आणि एक आनंदी, भरदार सूरमेळ धरला. त्यातून सुतकी आवाज आला. दुसरा धरला, तोही रडका. उजवीकडे जावं तर सूर वर चढण्याऐवजी खाली उतरत होते.

ताईने कपाळावर हात मारला. पॅनेल मागून जोडताना उजवं ते डावं होतं, हा तिच्या धंद्यातला पहिला धडा. या चुकीसाठी तिने कितीतरी शिकाऊ माणसांना फैलावर घेतलं होतं. आणि इथे संतापाच्या भरात तिने एकशे वीसच्या एकशे वीस बटणं आरशात बघितल्यासारखी उलटी जोडली होती. मी हसून लोळले. ती हसली नाही.

यंत्रातल्या संगणकात दोन शब्द बदलले असते तरी भागलं असतं. ताईने तसं केलं नाही. तिने एकूणएक टाका वितळवून काढला आणि पहिल्यापासून जोडणी केली. त्यात पाच रविवार गेले. मला तेव्हा तिची थोडी भीती वाटली, खरं सांगते.

तोवर बोटवाल्याचा भाचा परगावी गेला होता आणि म्हाताऱ्याच्या निरोपाचा कार्यक्रम ठरला होता. साथीदार हवा होता. ताई चाचणीला गेली, यंत्र काखोटीला मारून. त्याने विचारलं, "हे काय, मधाचं पोळं?" लोक हसले. ताईही हसली.

त्याने एक बोट दाखवलं. ताईचा हात तिरका सरकला. दोन बोटं, हात सरकला. तीन, चार. ती स्वतःच्या बोटांकडे बघतसुद्धा नव्हती, त्याच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी वृंदातल्या बायकांचे गळे चिरकायला लागले तेव्हा त्यानेच हात खाली घेतला. "बरं आहे," म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळच.

नाव विचारलं तेव्हाही त्याला काही आठवलं नाही.

आता बेत सांगते. निरोपाच्या कार्यक्रमातलं शेवटचं गाणं बोटवाला एकटा गाणार होता. चार अंतरे, मागे वृंद. प्रत्येक अंतऱ्याआधी ताईने वाजवायचा तुकडा होता. त्या तुकड्यात ती दर वेळी पट्टी अर्ध्या सुराने चढवणार होती, बोट न दाखवता. मोडायचाच होता त्याचा गळा, भरल्या सभागृहात. मला हा बेत इतका आवडला की मी त्या दिवसासाठी नवा ड्रेस शिवला.

तालमींत ताईची एकीशीच ओळख झाली. औषधाच्या दुकानात काम करणारी, तिशीतली, दुसऱ्या रांगेत कडेला उभी राहणारी. आम्ही तिला औषधवाली म्हणायचो. गाण्याच्या अगदी शेवटी, बोटवाल्याचा चौथा अंतरा संपल्यावर, एक ओळ तिला एकटीला होती. सात वर्षांत मिळालेली पहिली ओळ. डबा खाताना ती ताईजवळ बसून तेवढीच गुणगुणायची आणि विचारायची, "ताई, वरचा सूर पोचतो ना माझा?" ताई म्हणायची, "पोचतो गं." एका तालमीला मी गेले होते तेव्हा हे ऐकलं होतं. आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात काही आलं नाही.

कार्यक्रमाला सभागृह गच्च भरलं होतं. हारतुरे, भाषणं, कौतुक. मी चौथ्या रांगेत दात ओठ खात बसले होते. मग ते गाणं सुरू झालं.

पहिल्या अंतऱ्याआधी ताईचा हात सरकला. बोटवाल्याला कळलं नसावं. दुसऱ्याआधी पुन्हा सरकला, तेव्हा त्याची मान किंचित वळली. तिसऱ्या अंतऱ्यात त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, वरच्या सुरावर आवाज खरखरला. आता त्याला पुरतं कळलं होतं, पण भर कार्यक्रमात थांबणार कसा? चौथ्या अंतऱ्याआधीचा तुकडा सुरू झाला तेव्हा तो लोकांकडे पाठ करून ताईकडे वळला आणि कमरेजवळ, कोणाला दिसणार नाही असं, एक बोट खाली दाखवलं. जन्मात पहिल्यांदा खाली. डोळ्यांत चक्क विनवणी होती.

ताईने पट्टी चढवली.

चौथ्या अंतऱ्याच्या मध्यावर त्याचा गळा फाटला. सूर नाही, शब्द नाही, नुसती हवा. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या अनोळखी बाईचा हात दाबला. तिने माझाही दाबला, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "गहिवरले हो," ती म्हणाली. आणि आख्खं सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं! निरोपाच्या क्षणी गुरुजींना हुंदका आला म्हणून! लोक रडत होते, ओरडत होते, फुलं टाकत होते. ताई वाजवत राहिली, गाणं संपलं, पडदा पडला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी धावत मागे गेले. ताई यंत्रावर खोळ चढवत होती आणि बोटवाला तिच्यासमोर उभा होता, घामाने निथळत.

"चार वेळा चढवलीत," तो बसक्या आवाजात म्हणाला. "का?"

"सव्वीस वर्षांपूर्वी तुम्ही मला तीन बोटं दाखवली होतीत. भाच्याला आधी शिकवून. आणि म्हणालात, ही बोटं भांडी घासायला ठेव."

त्याने खरोखर आठवून पाहिलं, ते मला दिसलं. मग मान हलवली. "असं मी बऱ्याच जणांना म्हणालो असेन," तो म्हणाला, आणि भिंतीचा आधार घेत निघून गेला. ते बघून मला बरं वाटलं. अजूनही ते आठवलं की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

मी ताईचा खांदा धरून म्हटलं, "बाकीच्यांना कळलं नाही तर खड्ड्यात जाऊ दे. ज्याला कळायला हवं त्याला कळलं." ताईचा चेहरा उजळला होता. सव्वीस वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता.

तेवढ्यात औषधवाली आली. केसांत माळलेलं फूल तिने काढून हातात घेतलं होतं.

"ताई, माझी ओळ," ती म्हणाली. "इतकी वर आली की मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. टाळ्यांत कोणाला कळलंही नाही. आई आली होती. ती विचारतेय, तुझी ओळ कधी होती."

ताईचे हात खोळीवर थांबले. मी घाईघाईने म्हटलं, "अगं, गोंधळात होतं असं कधीकधी." औषधवालीने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"तुमच्याकडून चुकून झालं ना?" तिने ताईला विचारलं.

ताई खोटं बोलली असती तर मी तिला दोष दिला नसता. "नाही," ती म्हणाली. "मुद्दाम केलं. त्यांच्यासाठी. तू माझ्या लक्षातच राहिली नाहीस."

ताईने खोळ पुन्हा काढली, यंत्र टेबलावर ठेवलं, तारा शोधू लागली. "आईला आत बोलाव," ती म्हणाली. "मी वाजवते. तुला कुठली पट्टी हवी? सांग, हवी ती देते."

"आता नको," औषधवाली म्हणाली. "ती बाहेर माझी पर्स धरून उभी आहे." आणि ती गेली.