सरोवर शोधणारा साहेब आणि पुंगोलचा फेरा

मुलांनो, निवृत्त झाल्यावर तुमच्या आजोबांनी एक साहेब दत्तक घेतला. एकोणिसाव्या शतकातला प्रवासी आणि भूगोलतज्ज्ञ, भरघोस मिशांचा. त्याच्या प्रवासवर्णनाचे जाडजूड खंड सिंगापूरला क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर असतात आणि ताटं कडेला सरकून बसतात. ते मीही वाचले, कारण आजोबांचं भाषण टाइप करायचं होतं. एका पानावर साहेब सांगतो की त्याने एक सरोवर शोधून काढलं. त्याच पानावर खाली, काठावरच्या गावातून त्याने मासे विकत घेतले. गावकऱ्यांना ते मासे कुठे सापडत होते, हे काही तो सांगत नाही.

भाषण होतं पुंगोलला, एका कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये, मराठी वाचकांच्या छोट्या गटासमोर. ऑफिसात ज्यांच्या सहीशिवाय कागद हलत नसे, त्या आजोबांना इथे आल्यापासून कोणी काही विचारलं नव्हतं. म्हणून हे भाषण त्यांना फार हवं होतं. शर्टाला आठवडाभर आधीच इस्त्री करून ठेवली होती. म्हणजे मी.

पुंगोल स्टेशनवरून एलआरटीचे, म्हणजे छोट्या लोकल गाडीचे, दोन फेरे निघतात, एक पूर्वेकडे, एक पश्चिमेकडे. आम्हाला पूर्वेचा हवा होता.

"अहो, कोणाला तरी विचारा."

"साहेब कोणाला विचारत बसला होता का? ऊन डाव्या हाताला घेतलं की झालं. चल."

या गाडीला चालक नसतो. ती गोल फिरते आणि निघाली तिथेच परत येते. बाहेर सारख्या इमारती, सारख्या गॅलऱ्या, सारखे वाळत घातलेले कपडे. बाबागाडी घेऊन उभ्या असलेल्या एका बाईंनी आमच्या हातातला पत्ता पाहिला.

"अंकल, राँग लूप लाह!"

"जस्ट लुकिंग अराउंड," आजोबा म्हणाले.

गाडी थांबली. आजोबांनी पाटी वाचली. "अगं, पुंगोल!" आवाजात शोध लागल्याचा आनंद होता.

आम्ही पोचलो तेव्हा समोसे संपले होते आणि खोली रिकामी करायची वेळ जवळ आली होती. "परिसराची पाहणी करत होतो," असं सांगून आजोबांनी कागद उलगडले. साहेबाचं बालपण संपेना. लोक घड्याळं बघू लागले. शेवटी एका तरुण इंजिनिअर मुलीने हात वर केला.

"काका, हे साहेब कधी रस्ता चुकलेच नाहीत का?"

"पुस्तकात तसा उल्लेख नाही."

मला हसू आवरेना. दाबायला गेले तर नाकातून आवाज निघाला. सगळे वळून माझ्याकडे बघू लागले. आजोबांनीही पाहिलं, जरा वेळ कागद चाळले, मग ते खुर्चीवर ठेवले आणि म्हणाले, "आत्ताच एक मोहीम करून आलोय."

मग त्यांनी तो फेरा सांगितला, उन्हासकट, बाबागाडीसकट. लोक हसून हसून लाल झाले. खोली सोडून सगळे बाहेर लॉबीत आले, तरी आजोबांभोवतीचा घोळका हलेना. साहेबाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. सगळे आजोबांनाच विचारत होते, आणि आजोबा प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होते. मात्र तिसऱ्यांदा सांगेपर्यंत ऊन डाव्या हाताला घ्यायची कल्पना माझी झाली होती.