नाशिकचे एकुलते थॉर्नविक

आपल्या आडनावावर इतका जीव असलेला माणूस साऱ्या नाशकात दुसरा झाला नसेल, आणि त्या आडनावाचा तर साऱ्या नाशकात दुसरा माणूसच नव्हता. आडनाव थॉर्नविक. रंगाने आमच्या मालकांहून काळे, जेवायला बाजरीची भाकरी आणि ठेचा, आणि आडनाव थेट विलायतेचं. आमचा फुलांचा मळा मखमलाबादला. शरणपूरच्या ख्रिस्ती दफनभूमीच्या फाटकाशी मी रविवारी फुलं घेऊन बसते. थॉर्नविक हे माझं ठरलेलं गिऱ्हाईक. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, त्यामुळे त्यांना बोलायला माझ्यासारखी बाई बरी सापडली. सातपूरच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढलेला माणूस, पण आडनावामुळे मी त्यांना साहेबच म्हणायचे.

फुलं निवडता निवडता ते मला शिकवायचे. "थॉर्न म्हणजे काटा. विक म्हणजे वाडी. तुमच्यात निफाडचा तो निफाडकर, तसे काट्यांच्या वाडीचे ते आम्ही." मी घरी हे सांगितलं तर मालक म्हणाले, "म्हंजे बाभुळवाडकर. त्यासाठी विलायतेला कशाला जायचं? आपल्या बांधावर लय बाभळी हायेत." पुढे टेम्पोतून माल उतरवताना त्यांनी साहेबांना तोंडावरच तशी हाक मारली. मी लाजून शेवंतीच्या टोपलीत मान घातली. साहेब मात्र खूश. म्हणाले, "बरोबर. एवढ्या वर्षांत तुम्हीच नीट ओळखलंत."

त्यांच्या इंदिरानगरच्या घरी मी एकदा मोगऱ्याचं रोप द्यायला गेले होते. भिंतीवर येशूच्या तसबिरीशेजारी इंग्लंडचा मोठा नकाशा आणि त्यात टाचण्या. जिथे थॉर्नविक, तिथे टाचणी. वर समुद्राच्या बाजूला टाचण्यांचा पुंजका, खाली तुरळक, आणि लंडनात एक. "हा दातांचा डॉक्टर आहे. फोन उचलतो आणि ठेवून देतो," ते कौतुकाने म्हणाले, जणू घरातल्याच कोणा तिरसट काकाबद्दल बोलत होते. नकाशाखाली काडेपेटी होती. तीत काढलेल्या टाचण्या. कोणी वारलं, की त्याची टाचणी पेटीत. "परवा एकाला फोन लावला. मुलगी म्हणाली, वडील गेले. तिचं लग्न झालंय, तिचं आडनाव दुसरं. काढली टाचणी." पेटी जवळजवळ भरली होती.

शेजारचा मुलगा नोकरीला लंडनला निघाला, तेव्हा बाकीच्यांनी त्याला लोणचं दिलं, पापड दिले. साहेबांनी आडनाव दिलं. "फिरताना दारावरच्या पाट्या वाचत जा," असं त्याला बजावलं. तो बिचारा विमानात बसेपर्यंत हो हो म्हणत होता.

घराण्याची हकीकतही त्यांनी जुळवून ठेवली होती. आजोबांचे वडील म्हणे रेल्वेचा पूल बांधायला आलेले गोरे साहेब. "मग रंग?" असं मालकांनी विचारलं, तर म्हणाले, "एवढ्या पिढ्या नाशकाचं ऊन खाल्लंय, त्याचं काही नाही का?"

आम्ही हसायचो, पण हसण्यासारखं त्यात फार थोडं होतं. त्यांची बायको आधीच गेलेली. एकुलता मुलगा सातपूरहून पहाटे पाळी सुटून मोटरसायकलवर येताना ट्रकखाली गेला. लग्न व्हायचं होतं. नकाशा भिंतीवर आला तो त्यानंतर. एकदा मुलासाठी गुलाब घेताना मला म्हणाले, "पोराचं दुःख मी मरेन तोवर माझ्यापाशी राहील. पण आडनाव माझ्याबरोबर मातीत जायला नको. कुठेतरी आपलं माणूस असेल. त्याने एकदा म्हणावं, तुम्ही आमचेच. मग मी मोकळा."

एका रविवारी दुपारी ते माझ्यापाशी उभे असताना त्यांचा फोन वाजला. वरच्या पुंजक्यातल्या एका म्हातारीसाठी ते कित्येक महिने निरोप ठेवत होते, तिचा. फोनमध्ये पांढऱ्या केसांची बाई दिसत होती. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि विलायतेपर्यंत फोनशिवायही पोचेल अशा आवाजात इंग्रजी सुरू केलं. आधी खूप हसले. मग आवाज उतरला. मग नुसतं यस, यस. फोन खिशात टाकून ते माझ्या गोणपाटावरच बसले.

"त्यांच्या घराण्यात फार मागे एक पोर होतं," ते म्हणाले. "जॉर्ज. लहानपणीच घटसर्पाने गेलं. त्याच्या आईने इकडच्या मिशनच्या अनाथाश्रमात दुष्काळातल्या एका पोराचा खर्च उचलला. अट एकच, त्याला माझ्या जॉर्जचं नाव द्या. पुरं नाव, आडनावासकट. तेव्हा तशी रीतच होती म्हणे. त्यांच्या घरात अजून सांगतात."

"म्हणजे तुमचे आजोबा?"

"कोणाचं तरी टाकलेलं, नाहीतर मागे उरलेलं पोर. पूलबिल काही नाही."

मी पाण्याची बाटली पुढे केली. ती त्यांनी नुसती हातात धरली.

"शेवटी ती म्हणाली, तुम्ही आमचेच. मी म्हटलं, नाही बाई. पण नाव आम्ही नीट वापरलं. कुठे डाग नाही लागू दिला."

मग बाटली मला परत देत म्हणाले, "त्या तिकडच्या जॉर्जचं थडगं कुठे, विचारलं मी. तिकडे चर्चच्या आवारातून रस्ता गेला. दगड राहिला नाही. चला माझ्याबरोबर. दोन फुलं घ्या."

इतकी वर्षं फाटकाशी बसून मी आत कधी गेले नव्हते. त्यांनी एका जुन्या दगडावरचं शेवाळ हाताने पुसलं आणि वाचून दाखवलं. जॉर्ज थॉर्नविक. "हे आजोबांचं. आणि त्याचंही हेच. दुसरीकडे कुठे त्याचं नाव उरलेलं नाही." फुलं त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. "त्याचं जगायचं राहिलं, ते आम्ही जगलो. आजोबा, वडील, मी. माझं पोरगंसुद्धा, थोडं. आता ह्या नावाला आणखी किती राबवायचं? निजू द्यावं."

त्यानंतर ते आडनावाबद्दल बोलले नाहीत. यायचे, फुलं घ्यायचे, ऊन फार आहे म्हणायचे, आत जायचे. मला ते जुनं बोलणं हवंसं वाटायचं, पण मागायचं कसं ते कळलं नाही. गेल्या थंडीत ते गेले. कारखान्यातले थोडे म्हातारे आले होते, मालक आले होते. मुलाच्या शेजारीच त्यांना ठेवलं. आता नाशकात त्या आडनावाचं कोणी नाही.

रविवारी माल मांडायच्या आधी मी आत जाऊन येते. बापलेकांना गुलाब ठेवते. मग त्या जुन्या दगडापाशी दोन झेंडू. एक त्या विलायतेच्या आईच्या जॉर्जसाठी. दुसरा दुष्काळातल्या कोणा आईच्या पोरासाठी. तिनेही त्याला काहीतरी नाव ठेवलं असेल, त्या नावाने हाक मारली असेल.