मडमेचे सर

देव्हाऱ्याच्या जागी गोऱ्या बाईचा फोटो लावलेलं आमच्या कामतघर गावात एकच घर होतं, आम्हाला कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या सरांचं. सगळे त्यांना ‘मडमेचे सर’ म्हणायचे. सरांनी लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे शेजारणींच्या जिभा सैल. “काय लफडं हाय त्ये?” असं कोणी विचारलंच तर सर शांतपणे सांगायचे, “आहेच लफडं. जन्माचं.”

बाई कवयित्री होती. गेल्या शतकातली, इंग्लंडमधली. यमकं फेकून देऊन तिने न्हाणीघर, घाम, बाळंतपणातलं रक्त कवितेत आणलं. तिथल्या सभ्य लोकांना ओकारी आली, आणि ती गेल्यावर नवऱ्याने घरातले सगळे कागद जाळले. “दोन पातळ पुस्तकं जळण्यातून वाचली, तेवढीच बाई उरली,” सर म्हणायचे.

वर्गात ते आम्हाला बाहेरच्या लूमचा खडखडाट ऐकायला लावत. “धागा तुटला की लूम थांबतो ना? तिची ओळ तशीच थांबते. उगाच गाठ मारू नका.”

डोळे मिटण्याआधी बाईला मराठीत आलेली बघायचं, एवढीच त्यांची इच्छा. जवळच्या राहनाळचा एक जुना विद्यार्थी, गोदामांवर गब्बर होऊन शेठ झालेला, पुस्तक छापायला पुढे आला. सरांनी हाताने लिहिलेले अनुवादाचे सगळे कागद भाबडेपणाने त्याच्या हवाली केले. आणि प्रकाशन कधी? शेठच्या वाढदिवसाला! केक, ढोलताशे, मुखपृष्ठावर शेठचाच फोटो.

सरांनी पुस्तक उघडलं. बाळंतपणाची कविता गायब. बाकीच्यांना यमकं चिकटवलेली.

“घरातल्या बायामाणसांनी वाचायचं ना, सर? जरा सोवळं करून घेतलं,” शेठ हसत म्हणाला.

“आणि मूळ कागद?”

“छापून झाल्यावर कशाला? दिले रद्दीत.”

“तिच्या नवऱ्याने निदान जाळलं रे,” सर म्हणाले. “तू तर तिला नटवून बाजारात बसवलंस.” अंगावरची शाल खुर्चीवर टाकून ते निघून गेले. त्याच उन्हाळ्यात सर वारले.

शोकसभेत पहिलं भाषण कोणाचं? त्याच निर्लज्जाचं! ‘गुरुवर्य, गुरुवर्य’ करत त्याने ती यमकं सुरात म्हटली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! माझं डोकंच फिरलं. मी उठले आणि त्याच्या हातातला माईक ओढून घेतला. सरांनी मराठीत आणलेली एकच कविता त्यांच्याकडून ऐकून मला तोंडपाठ होती, बाळंतपणाची. रक्तामांसासकट म्हटली, एक शब्द न गाळता.

नाकाला रुमाल लावल्यासारखी तोंडं करत पुढच्या रांगा उठून गेल्या. मागे, भिंतीला टेकून, सरांच्या शेजारची म्हातारी तेवढी बसून राहिली. पदराने डोळे पुसत म्हणाली, “परत म्हन गो, बाय.”