दहावी ‘ब’चा राहिलेला सेंड-ऑफ

पालकांच्या ग्रुपवर किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. आपण इकडे दूध तापवत असतो आणि तिकडे दोन शहाणे एकमेकांची अक्कल काढत असतात. माझी मुक्ता आता कॉलेजात आहे, तरी दहावी ‘ब’चा ग्रुप माझ्या फोनमध्ये अजून तसाच आहे. ती म्हणते, डिलीट कर ना आई, किती जागा खातो. मी नाही करत. कुणी भेटलं आणि कोरोनाचा विषय निघाला, की मला त्यातलंच काहीतरी आठवतं आणि मी सांगत सुटते. लोक आधी हसतात, मग गप्प होतात.

आमची शाळा गिरगावात. मी ठाकूरद्वारची आणि वर्गाची पालक प्रतिनिधी, म्हणजे दोन्हीकडून शिव्या खायचं पद. ग्रुपवर कुणालाच स्वतःचं नाव नव्हतं. मी मुक्ताची आई, ते सोहमचे बाबा, त्या तन्वीची आई. फोनमध्ये तसंच सेव्ह केलेलं आणि समोर भेटल्यावर हाकही तीच. बालवर्गापासून ओळखायचो एकमेकींना, पण नाव विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आणि शाळेची एक जुनी पद्धत. दहावीच्या सेंड-ऑफला मुलींनी साडी नेसायची, तीही आईची. नवी चालत नाही. आईच्या ब्लाउजला आतून टाके मारायचे, पिना लावायच्या आणि सांभाळत सांभाळत शाळेत यायचं. मुलगे बापाचा टाय लावून येतात. पोरी पाचवीपासून आईच्या कपाटात साडी हेरून ठेवतात.

* * *

जानेवारीत टीचरनी ग्रुपवर टाकलं, यंदा सेंड-ऑफ रद्द. झालं, पेटलं!

पहिली उडी कियानच्या मम्माची. त्या लोअर परळच्या टॉवरमधल्या. म्हणाल्या, हा मुलांचा प्रॉम आहे, आयुष्यात एकदाच येतो, शाळेला जमत नसेल तर आमच्या क्लबहाउसमध्ये करू.

प्रॉम म्हणजे काय ते अर्ध्या ग्रुपला माहीत नव्हतं, पण विचारून कोण शोभा करून घेणार? तन्वीच्या आईने विचारलं. त्या लालबागच्या चाळीत राहायच्या, मूळच्या मालवणकडच्या. एका ऑफिसच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायच्या, आणि मनात आलं की बोलून मोकळ्या. कियानच्या मम्माने समजावलं, की मुलंमुली छान तयार होऊन येतात आणि जोडीजोडीने डान्स करतात.

तन्वीच्या आईचं उत्तर आलं, "आमच्याकडे नाचतात ते विसर्जनाला. तिथे जोडी कुठली, स्वतःची चप्पल सापडली तरी पुरे."

सगळा ग्रुप खदाखदा हसला. पण खाली त्यांनीच लिहिलं, की नाच नको, हॉल नको, जेवण नको. पटांगणात लांब लांब उभं करा, पण पोरींना साडी नेसून एकदा शाळेत येऊ द्या. मला फोनवर त्यांनी कारण सांगितलं होतं. बापाची गिरणी बंद पडली तेव्हा त्यांना नववीतून काढून गावी नेलं होतं.

"माझ्या वर्गातल्या पोरी साड्या नेसून फोटो काढत होत्या, तेव्हा मी गावाला गुरांमागे फिरत होते," त्या म्हणाल्या. "तन्वीचा हा दिवस मी जाऊ देणार नाही हो."

* * *

विरोधात उभे राहिले सोहमचे बाबा. गिरगावातच राहतात, सीए आहेत, मेसेजमध्येही पूर्णविराम देणारा माणूस. पहिल्या लाटेत त्यांचे वडील गेले. हॉस्पिटलमधून परस्पर नेलं आणि यांनी लांबूनच हात जोडले. घरात दम्याची म्हातारी आई. तेव्हापासून ते भाजी साबणाने धुवायचे आणि पेपर इस्त्री करून घरात घ्यायचे. आम्ही मागून हसायचो, पण त्यांच्या घरातून माणूस गेलं होतं, आमच्या नाही.

त्यांनी लिहिलं, "माझ्या वडिलांना मी खांदा देऊ शकलो नाही. आणि इथे साड्यांची चर्चा चालू आहे. लाज वाटली पाहिजे."

यावर कोण काय बोलणार? तन्वीच्या आई बोलल्या. "तुमच्या बाबांचं फार वाईट झालं, भाऊ. पण माझी पोर वर्षभर दहा बाय दहाच्या खोलीत पडद्यामागे बसून शिकतेय. तिला एक दिवस उजेडात येऊ दे."

"आणि त्या उजेडातून ती घरी काय घेऊन येईल?" सोहमच्या बाबांनी विचारलं.

ग्रुपमध्ये दोन पार्ट्या पडल्या त्या पडल्याच. आमच्या घरातही. नवरा सोहमच्या बाबांच्या बाजूने, मी तन्वीच्या आईच्या. मीठ दे म्हणायलासुद्धा आम्ही मुक्ताला मध्ये घालत होतो.

* * *

मग टीचरनी तोडगा काढला, ऑनलाइन सेंड-ऑफ. प्रत्येकाने कॅमेऱ्यासमोर यायचं, दोन शब्द बोलायचे आणि हात हलवायचा.

मुक्ता वर माझी पैठणी आणि खाली नाइट पँट अशी बसली. एका पोराच्या मागे त्याचे वडील बनियनवर आले आणि ओरडले, "अरे, फॅन बंद कर, बिल कोण भरतंय?" मुख्याध्यापकांचा चेहरा तोंड उघडं असतानाच अडकला आणि तसाच राहिला.

तन्वीच्या खोलीत नेटवर्क येईना. तिच्या आईने तिला हिरवी साडी नेसवून, केसात अबोली माळून चाळीच्या गॅलरीत खुर्चीवर बसवलं. शेजारणी जमल्या. त्यांना वाटलं, मुलगी दाखवायचा कार्यक्रम आहे. एका आजीने तर विचारलं, मुलगा कुठला, आणि दहावीतच काय घाई झाली हिला!

सगळी चाळ हसत होती आणि तन्वी आपल्या नंबरची वाट बघत होती. आडनाव सावंत, म्हणजे यादीत शेवटी. तिच्यापर्यंत यायच्या आधीच मीटिंगची वेळ संपली आणि लिंक बंद झाली. कुणी तिला बघितलंच नाही.

तन्वीच्या आईचा मला फोन आला. रडत नव्हत्या, चिडल्या होत्या. हा सेंड-ऑफ मी धरत नाही म्हणाल्या, खरा होईल तेव्हा नेसेल ती परत.

* * *

कियानच्या मम्माने तरीही क्लबहाउसमध्ये पार्टी केलीच. गुपचूप, मोजक्या मुलांची. गेटवर वॉचमन कपाळाला बंदूक लावून ताप बघत होता आणि आत सगळे मास्क काढून सेल्फी घेत होते.

आठवड्यात रिपोर्ट यायला लागले. आज हा पॉझिटिव्ह, उद्या ती. ग्रुपवर एकच भांडण, तुमच्यामुळे झालं की आमच्यामुळे. कियानच्या मम्मा तडकाफडकी ग्रुप सोडून गेल्या. सोहमच्या बाबांनी दोनच शब्द टाकले, "सांगितलं होतं."

संध्याकाळी कळलं की सोहमही त्या पार्टीत होता. मित्राकडे गणितं सोडवायला जातो सांगून, बापाचा टाय खिशात घालून गेला होता. त्याच्या आजीला ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. म्हातारी वाचली, पण घरी आली ती अंथरुणालाच खिळली. सोहमच्या बाबांनी पोराला मारलं नाही, ओरडलेही नाहीत. त्याच्याशी बोलणंच बंद केलं. मला वाटतं, त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

* * *

दुसरी लाट आली. दहावीची परीक्षाही रद्द झाली. तन्वीच्या आईने लिहिलं, परीक्षा पण गेली, आता निकालाच्या दिवशी तरी पोरांना एकदा एकत्र बोलवा. त्यानंतर त्यांचं काही आलं नाही. तेव्हा कुणाचंच काही येत नव्हतं. आलं तर बेड आहे का, इंजेक्शन आहे का, एवढंच.

एका सकाळी ग्रुपवर शाळेचा मेसेज आला. "आपल्या पालक सौ. सुलक्षणा सावंत यांचे दुःखद निधन. भावपूर्ण श्रद्धांजली."

सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. सावंत आमच्या शाळेत ढिगाने. कुणीतरी विचारलं, या कोण, मॉर्निंग शिफ्टच्या का? कुणाला माहीत नव्हतं. आणि त्याच्याच खाली सोहमच्या बाबांनी लिहिलं, "तन्वीच्या आई, वरची बातमी वाचलीत ना. रोज माणसं जात आहेत. आता तरी तो साडीचा हट्ट सोडा."

दुपारी मला तन्वीच्या वडिलांचा फोन आला. मग मलाच ग्रुपवर लिहावं लागलं, की सुलक्षणा म्हणजे आपल्या तन्वीची आई.

थोड्या वेळाने सोहमच्या बाबांनी आपला मेसेज काढून टाकला. तिथे ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ एवढं मात्र राहिलं, ते अजून आहे.

* * *

बाहेर पडायची मुभा मिळाल्यावर मी लालबागला भेटायला गेले. तन्वीने चहा केला. वडील गोदामात रात्रपाळी करायचे, त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन. घरात चांगला फोन एकच, आईचा. तन्वी त्याच्यावरच शिकायची.

"नंबर बंद कर म्हणान सगळे सांगतत," वडील हळूच म्हणाले, "पण चेडू आयकना नाय."

मी मुलीकडे बघितलं. ती फोन पदराला पुसावा तसा ओढणीला पुसत होती. चहा छान झालाय म्हटलं आणि उठले.

* * *

निकालानंतर शाळेला थोडी परवानगी मिळाली. टीचरनी कळवलं, मार्कशीट न्यायला याल तेव्हा पटांगणात तासभर सेंड-ऑफ करू, साडी-टायसकट. अट एकच. क्लबहाउसचा प्रकार परत नको, म्हणून प्रत्येक पालकाने आपल्या स्वतःच्या नंबरवरून ग्रुपवर संमती लिहायची. एकजण जरी नको म्हणाला, तर कार्यक्रम नाही.

मी पहिली संमती दिली. आणखी काही आल्या. मग सोहमच्या बाबांनी लिहिलं, की ज्या वर्गातल्या मुलीची आई गेली, तिथे बाकीच्या मुलींनी आयांच्या साड्या नेसून फोटो काढायचे? त्या मुलीला काय वाटेल याचा कुणी विचार केला आहे का? माझी संमती नाही.

या वेळी मला त्यांचा राग आला नाही. खरं सांगते, मलाही ते पटलं. ज्यांनी हो म्हटलं होतं तेही एकेक करून मागे फिरले. बरोबर आहे, नको, शोभणार नाही. मी ऑफिसात डबा खात होते. टीचरचा मेसेज आला, सर्वांचं असंच मत असेल तर मी रद्द झाल्याचं कळवते.

तेवढ्यात स्क्रीनवर दिसलं, तन्वीची आई टाइप करत आहे.

माझा घास हातातच राहिला. ते दिसायचं, जायचं, पुन्हा दिसायचं. सगळे बघत असणार.

मग आलं. "माझी संमती आहे. तन्वी माझी हिरवी साडी नेसून येईल. – तन्वीची आई."

मी फोन टेबलावर ठेवला, परत उचलला. काय लिहायचं असतं अशा वेळी?

शेवटी सोहमच्या बाबांचं उत्तर आलं.

"ठीक आहे, तन्वीच्या आई. तुम्ही म्हणताय तर सोहमही येईल."