बेनने निवडलेला अँप्लिफायर

मृणाल, जरा जवळ ये बाई. तू पुण्यात आणि मी इथे शहाद्याजवळच्या खेड्यात, तरी म्हणते, जवळ ये. फोनवर चित्र बघून आणि अनोळखी लोकांनी दिलेले तारे मोजून तू अँप्लिफायर मागवायला निघालीस, हे काही मला आवडलं नाही. तू बेनच्या भावाची नात. कानाची वस्तू डोळ्यांनी घेतेस?

बेन म्हणजे तुझी आत्याआजी, माझी थोरली नणंद. तू लहान होतीस, तुला ती आठवायची नाही. सगळं गाव तिला बेनच म्हणायचं. तिची एक सवय होती. कुणी तावातावाने बोलायला लागलं की ती हात खाली दाबल्यासारखा करायची आणि म्हणायची, "कमी कर, मंग समजी." सरपंचालाही म्हणायची. तुझ्या आजोबांना तर दिवसातून कितीदा.

आता तिचा हट्ट सांगते. तिच्या लग्नात बायका दोन रांगांत समोरासमोर बसून गायल्या होत्या. एका रांगेने ओळ म्हणायची, दुसरीने उचलायची, अशी आपल्याकडची रीत. सुरतच्या मामांनी दोन्ही रांगांच्या मधोमध दोन माइकचा मोठा टेप ठेवून कॅसेट भरली. पण आपल्या घरचा टेप एका स्पीकरचा. त्यात सगळ्यांचा नुसता गलका व्हायचा. आणि गावातल्या बायका म्हणायच्या, "बेन, तुन्ही माय त्या दिवशी गायलीच नाही. तोंडाला पदर लावून बसली होती, मुलगी त्या घरी द्यायचं तिच्या मनात नव्हतं." बेन म्हणायची, गायली होती. हे भांडण माझी सासू, म्हणजे बेनची आई गेल्यावरही मिटलं नाही. केळीच्या बागेत, विहिरीवर, कुणाच्या बारशात, कुठेही निघायचं.

पुढे बेन एकटी झाली आणि आपल्याकडे राहायला आली. कापसाचे पैसे हातात आल्यावर म्हणाली, "मले चांगला अँप्लिफायर लेना शे." ती, तुझे आजोबा आणि मी नंदुरबारला गेलो. कॅसेट तिने स्टीलच्या डब्यात ठेवली होती आणि एसटीत डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

दुकानाचे शेठ मूळ राजस्थानचे, लग्नाच्या मिरवणुकीचं सामान विकणारे. त्यांनी सगळ्यात मोठा, निळे दिवे लागणारा अँप्लिफायर पुढे केला. तुझे आजोबा खूश. आपल्याकडे आवाजाची पारख शेतावरून होते ना. ते म्हणाले, "बेन, आवाज केळीना वावरलोंग जावाले पाहिजे."

"वावरमा कोण बठेल शे ऐकाले?" बेन म्हणाली. मग शेठकडे वळली. "शेठ, मले गाव जागं करानं नही. मले मन्ही मायना आवाज ऐकना शे."

शेठ हसले नाहीत, हे मला आवडलं. त्यांनी आतून जुना डेक काढला, कॅसेट घातली, दोन बाजूंना दोन स्पीकर ठेवले. निळ्या दिव्यांचा अँप्लिफायर दणदणला, दुकानाच्या काचा थरथरल्या. बेनने हात खाली दाबला. "कमी कर." शेठनी कमी केला. "अजून." अगदी बारीक केल्यावर डावीकडची रांग जवळजवळ नाहीशी झाली, उजवीकडचीच उरली. बेन म्हणाली, "अर्ध्या बाया घर निंघी गयात का?"

शेठ म्हणाले, "बेन, एवढ्या बारीक आवाजात कोण ऐकतं?"

"मी."

मग तिने मागच्या फळीवरचा एक साधा, काळा, धूळ बसलेला अँप्लिफायर मागितला. आधी वाजवायला दिला नाही, दोन्ही हातांनी उचलून पाहिला, केळीचा घड उचलतो तसा. "भरेल शे," म्हणाली. शेठ म्हणाले, "आत मोठा ट्रान्सफॉर्मर आहे, पण वॉट कमी आहेत बरं का." बेनने मान हलवली, लावा.

पुन्हा तीच कॅसेट, पुन्हा तितकाच बारीक आवाज. या वेळी दोन्ही रांगा जागेवर बसल्या. बांगड्या वेगळ्या, खोकला वेगळा. आणि डावीकडे एक बाई, बाकीच्यांची ओळ संपायच्या आत पुढची ओळ उचलणारी. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा जात्यावर, चुलीपुढे, रोज ऐकलेली ती घाई. माझी सासू. चांगल्या खणखणीत आवाजात लेकीच्या सासरच्यांना चिडवत होती.

तुझ्या आजोबांनी टोपी काढून हातात घेतली. बेन रडली नाही. पदर नीट केला आणि म्हणाली, "पाह्य भाऊ, माय गायेल व्हती."

त्यानंतर आठवडाभर तिने त्या बायकांना एकेक करून घरी बोलावलं, चहा पाजला आणि डाव्या स्पीकरसमोर बसवलं. कुणाला टोमणा मारला नाही. आवाज मात्र कुणालाच वाढवू दिला नाही. ऐकून जाताना त्यातली सगळ्यात भांडकुदळ म्हातारी दारात थांबली आणि म्हणाली, "मन्हा पण आवाज शे वं त्याम्हा." बेनने तिला परत आत नेलं, कॅसेट मागे फिरवली.

बेन गेली तेव्हा गावाने सांगितलं, मोठ्या मनाची होती. मी म्हणते, मोठ्या कानाची होती, आणि ती आमच्या घरची होती.

अँप्लिफायर अजून चालतो. तू काही मागवू नकोस अजून. आधी ये. शहाद्याच्या स्टँडवर उतर, आजोबा घ्यायला येतील. डावीकडची खुर्ची तुझ्यासाठी पुसून ठेवते. पणजी ऐकून घे, मग तुझं तू ठरव. पण लवकर ये बाई, आजोबांना हल्ली आवाज थोडा वाढवावा लागतो.