सात नंबरची गादी

आमच्या बस डेपोच्या विश्रांतिगृहात बारा गाद्या आहेत. मुक्कामाच्या गाड्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर त्यांवर झोपतात आणि सकाळी चादरी मी बदलते. सात नंबरची गादी कोपऱ्यात, भिंतीकडे. माझा धाकटा भाऊ ड्रायव्हर आहे, तो कायम तीच धरायचा. का धरायचा ते मला विचारा.

दोन वर्षांपूर्वी चादर ओढताना हात ओला झाला. वाटलं, छत गळतंय. वर बघितलं तर छत ठणठणीत. मग वास आला. अगं बाई गं! बेचाळीस वर्षांचा बाप्या, दोन मुलींचा बाप! आई गेल्यावर याला मीच वाढवला, लहानपणी एकदाही कधी अंथरूण भिजवलं नव्हतं यानं. मी तोंडाला येईल ते बोलले, तर रडायलाच लागला.

"ताई, कळतच नाही गं. जाग येते तेव्हा झालेलं असतं."

डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, दारूनं लघवी जास्त होते आणि झोप अशी लागते की जागच येत नाही. दारू सोडा, हेही थांबेल. सोडली की त्यानं. अकरा दिवस.

मग मी चादरीखाली प्लास्टिक घातलं आणि तोंड शिवून घेतलं. सकाळी सगळ्यांच्या आधी त्याच्या गादीला हात लावायचे. कोरडी असली तर जाऊ दे बाबा, ने गाडी. ओली असली म्हणजे रात्री पोटभर झालेली. मग मी कंट्रोलरसाहेबांना सांगायचे, "त्याला जुलाब लागलेत, दुसरा माणूस द्या." सख्ख्या भावाला इतके जुलाब कुठल्या बहिणीनं लावले नसतील.

गेल्या सोमवारी त्याची सव्वासहाची गाडी होती, घाटातून जाणारी. प्रवासी बसलेसुद्धा होते. गादी ओली. हा बेसिनपाशी दाढी करत होता, हनुवटी दोन ठिकाणी कापलेली.

"आज जायचं नाहीस," मी म्हटलं.

"ताई, आता जुलाब चालणार नाहीत. साहेब म्हणालेत, पुन्हा रजा घेतलीस तर कायमचा घरी बसवतो. पोरींकडे बघ. आजचा दिवस जाऊ दे." आणि वाकून पायच धरले माझे. मी विरघळले, खोटं कशाला बोलू? पण उठून दाराची कडी धरायला गेला, तर हात कडीच्या बाजूला, भिंतीवर पडला. दोनदा.

मी तशीच ऑफिसात धावले. "साहेब, तो प्यायलाय. त्याला गाडी देऊ नका."

तोंडानं फुंकर मारून तपासायचं मशीन महिनाभर बंद होतं. साहेबांनी मान वर केली नाही. "रात्रीची असेल, उतरेल. दुसरा ड्रायव्हर काय तू पदरात बांधून आणलायस?" सगळे हसले. "लिंबू द्या रे त्याला कुणीतरी," एक कंडक्टर म्हणाला. तेवढ्यात हा आलाच. तोही हसला, चावी घेतली आणि गाडीकडे निघाला.

माझं डोकं फिरलं. मी परत गेले, चादर ओढून आणली आणि साहेबांच्या कागदांवर टाकली.

"ही त्याची चादर. रात्री अंथरुणात झालंय त्याला आणि पत्ता नाही. ज्याला स्वतःची लघवी कळली नाही, त्याला घाटातलं वळण कळणार आहे?"

मागून एकजण फिसकन हसला आणि पाठोपाठ सगळं ऑफिस. साहेब मात्र हसले नाहीत. बाहेर गेले आणि त्याच्या हातातून चावी काढून घेतली. गाडी रद्द झाली, प्रवाशांनी आम्हाला उभं-आडवं झोडपलं. भाऊ निलंबित झाला. डेपोत आता त्याला नावानं कुणी ओळखत नाही, सगळे 'सात नंबर' म्हणतात. त्याच्या थोरलीलाही ते शाळेत ऐकावं लागलं.

काल त्याच्या घरी गेले. भावजयीनं दार उघडलं. तो जमिनीवर बसला होता, चार दिवसांची दाढी वाढलेली.

"ताई, मी प्यायलोय एवढंच सांगायचं होतंस. नोकरी गेली असती, जाऊ दे. गादीचं का सांगितलंस?"

"आधी तेवढंच सांगितलं होतं रे. तेव्हा सगळे हसले. तूही हसलास."

त्यानं माझ्याकडे पाठ केली. मग बायकोला म्हणाला, "हिला जायला सांग."