पहिलं दळण गाईला

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, हे आधी सांगून टाकतो. मी नाशिकच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. कुणी असे अनुभव सांगू लागलं की मान हलवायचो आणि मनातल्या मनात ते कथांच्या कपाटात ठेवून द्यायचो. हा मात्र कुठे ठेवावा, अजून कळलेलं नाही...

१९९७ साल. नाकाचं हाड सरळ करायचं छोटं ऑपरेशन – द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्यात, सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. भूल पूर्ण दिली होती. ती उतरताना आधी कान जागे झाले. डोळे उघडेनात, जीभ हलेना. शेजारी कुणीतरी बोलत होतं.

"अण्णा, दगडाला टाकी लावून घेतली. पहिलं दळण गाईला घातलं. काळजी करू नका."

अण्णा म्हणजे माझे वडील. नांदगावला त्यांची पिठाची गिरणी होती. दगड बोथट झाला की छिन्नीने टाकी लावून घ्यायची, आणि त्यानंतरचं पहिलं दळण कचकचतं म्हणून गिऱ्हाइकाला न देता गाईला घालायचं, ही त्यांची रीत. आवाजही त्यांच्यासारखाच. पण ते मला अण्णा का म्हणतील?

"ऐकू येत असेल तर एक बोट हलवा."

मी सगळा जीव उजव्या हाताच्या बोटात आणला. ते हललं नाही. आवाज वाट पाहत होता, हे मला कळत होतं. मग तो म्हणाला, "बरं, राहू द्या. दमला असाल." खुर्ची सरकली. पुन्हा काही ऐकू आलं नाही.

तासाभराने खरे अण्णा आत आले. "झालं का नाक सरळ? आता घोरायचा नाय तू. सूनबाईला शांततेत झोप लागंल का पन?"

मी विचारलं, "दगडाला टाकी लावली का?"

"कोन म्हनलं? अजून दोन महिने काढील तो. आन् मला आत्ता कुठं आत सोडलं सिस्टरनी. सकाळपासून बाकावर बसून कंबर धरली माझी."

भुलीचा परिणाम, म्हणून मी विषय सोडला.

२००१ साली अण्णा पडले. मांडीचं हाड मोडलं. नाशिकलाच ऑपरेशन केलं. आत नेताना म्हणाले, "दगड लय बोथट झालाय रे. लोक बोंबलतील." त्या भुलीतून ते उठलेच नाहीत.

चौथ्या दिवशी मी नांदगावला जाऊन दगडाचं काम करून घेतलं आणि भेटायच्या वेळेला अतिदक्षता विभागात परत आलो. सिस्टर म्हणाल्या, "बोलत राहा काका, ऐकू जातं कधीकधी."

आम्ही बापलेक कधी फार बोललो नव्हतो. सुचलं ते बोललो. "अण्णा, दगडाला टाकी लावून घेतली. पहिलं दळण गाईला घातलं..."

वाक्य संपता संपता ओळखीचं वाटलं – चार वर्षांपूर्वी भुलीत हेच ऐकलं होतं. आमचे आवाज इतके सारखे की फोनवर आईसुद्धा फसायची. आणि स्वतःचा आवाज बाहेरून कसा ऐकू येतो, हे कुणाला ठाऊक असतं?

पुढची वाक्यं मला पाठ होती. ती संपली की आवाजही संपतो, हेही माहीत होतं. बोलायचीच नाहीत, असं ठरवलं. पण आतला माणूस जागा असू शकतो, हे त्या खोलीत मला एकट्यालाच माहीत होतं... विचारल्याशिवाय कसं राहायचं?

"ऐकू येत असेल तर एक बोट हलवा."

ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावलेल्या त्या बोटाकडे मी किती वेळ पाहत राहिलो, आठवत नाही. ते हललं नाही.

"काका, वेळ संपली," सिस्टर म्हणाल्या.

त्यांना तसंच झटत ठेवून मला उठवेना. "बरं, राहू द्या," मी म्हणालो. "दमला असाल." उठताना खुर्ची सरकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गेले.

पुष्कळ वाचलं तेव्हापासून, उत्तर कुठेच मिळालं नाही. लोक समजूत घालतात – त्यांना काही कळत नव्हतं, त्रास झाला नसेल. मी मान हलवतो. मी त्या खुर्चीच्या पलीकडे पडून आलोय. न हललेल्या बोटात केवढा जीव एकवटलेला असतो, ते मला ठाऊक आहे.